पीपीएफ नीट बसली की नाही, हे ओळखायचं कसं? (गिऱ्हाइकाला दिसायच्या आधी)



मागच्या व्हिडिओनंतर धुळ्याहून एका मित्राचा फोन आला. देवपूरला रस्त्याला लागून गाळा घेतलाय, डिटेलिंगचं दुकान टाकायचंय. वॉशिंग, पॉलिश, कोटिंग तो स्वतः शिकलाय. पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, त्यासाठी मात्र बाहेरून कारागीर बोलावणार आहे. त्याचा प्रश्न असा होता: "सर, फिल्म तर पारदर्शक. कारागिराने काम चांगलं केलं की मारून नेलं, मला कसं कळणार?"

असा प्रश्न दुकान उघडायच्या आधी पडतो त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. मला तो पडला दुकान उघडून सव्वा वर्ष झाल्यावर, आणि त्याची फी भरून. ती गोष्ट पुढे सांगतो. व्हिडिओत टॉर्च कशी धरायची ते दाखवलंय, पण तिथे बोलायचं राहून गेलं ते इथे लिहितो.

आधी एक गोष्ट थोडक्यात. पीपीएफ म्हणजे साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची टीपीयू नावाच्या प्लास्टिकची फिल्म, मागे गोंद आणि वर एक पातळ थर, जो उन्हाने किंवा गरम पाण्याने बारीक ओरखडे भरून काढतो. हिचा जन्म गाड्यांसाठी झालेलाच नाही. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती धुळीने आणि खड्याने झिजायची, त्यावर चिकटवायला अशी फिल्म अमेरिकेत वापरली गेली. आपल्याकडे तिची गरज का, हे धुळ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना भेटतात. खडीच्या डंपरमागे दहा किलोमीटर गाडी चालवली की बॉनेटवर आणि बंपरवर टिपके पडलेच. फिल्म ते टिपके आणि ओरखडे अडवते. डेंट अडवत नाही. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मोटारसायकलवाल्याने ठोकलेल्या दरवाज्याचा जाब तुम्हाला विचारतात.

परीक्षा फिल्म लावायच्या आधी सुरू होते

फिल्म काढताना रंग सोबत आला, तर दोष कोणाचा? कंपनीचा रंग असेल तर तो सहसा येत नाही. गाडी कुठेतरी ठोकून रंगवलेली असेल तर येऊ शकतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हीच काढला." म्हणून रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर दुकानात पाहिजेच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. एखाद्या दरवाज्यावर आकडा एकदम ३०० च्या पुढे गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय, खाली पुट्टीही असू शकते. जुनी गाडी विकत घेतलेल्या कितीतरी जणांना हे माझ्या दुकानात पहिल्यांदा कळलं. चेहरे बघण्यासारखे होतात. आकडा जॉबकार्डावर लिहा, फोटो काढा, सही घ्या. आणि रंग ताजा असेल तर किमान महिनाभर फिल्मला हात लावू नका. आतला रंग वाळत असताना वर प्लास्टिक चढवलं तर पुढे भांडण ठरलेलं.

लाइट कुठून धरता, त्यावर सगळं आहे

नव्या दुकानदाराची पहिली चूक म्हणजे छताला पांढऱ्या ट्यूबलाइटची रांग लावायची आणि त्याखाली उभं राहून "वा, काय काच झालीय" म्हणायचं. वरून पडणारा उजेड दोष झाकतो. शटर अर्धं ओढा, लाइट बंद करा, एकच टॉर्च घ्या आणि पॅनलला जवळजवळ समांतर धरा. जसं आपण मळणी झाल्यावर खळ्यात उरलेला दाणा शोधायला संध्याकाळी वाकून बघतो, तसं. उजेड आडवा पडला की धुळीचा कण, गोंदाची रेघ, उचललेली कड, सगळं सावली टाकतं.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या उन्हात गाडी बाहेर काढा. मे महिन्यात जळगावात दुपारी बारा वाजता हे करू नका, डोळे दिपतात आणि पत्र्याला हात लावता येत नाही.

आता काय दिसलं तर घाबरायचं आणि काय दिसलं तर नाही, ते बघू. नव्या माणसाची इथेच गल्लत होते.

फिल्म ओली लावतात. खाली शाम्पूचे दोन थेंब टाकलेलं पाणी असतं, कारागीर स्क्वीजीने ते बाहेर ढकलतो. थोडं पाणी आत राहतंच. त्यामुळे पहिल्या दिवशी कुठे दुधाळ धूसरपणा, कुठे छोटे पाण्याचे फुगे दिसले तर तो दोष नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आठवड्याच्या आत जातात, पावसाळ्यात दोन-तीन आठवडेही लागतात. हवेचा फुगा मात्र जात नाही. फरक कसा ओळखायचा? अंगठ्याने हळू दाबा. पाणी असेल तर बाजूला सरकतं, फुग्याचा आकार बदलतो. हवा असेल तर दाबल्यावर बसल्यासारखं वाटतं आणि बोट काढलं की त्याच जागी पुन्हा उभी. काही कारागीर तिथे सुई टोचून मोकळे होतात. मला ते पटत नाही. दोन लाखांच्या कामात भोक कशाला?

धुळीचा कण वेगळा. मध्ये काळा किंवा पांढरा ठिपका आणि भोवती बारीक फुगीर कडं. तो कधीच जाणार नाही. एकही कण नाही असं काम मी आजवर पाहिलेलं नाही, स्वतःचंही नाही. म्हणून हिशोब ठरवून घ्या. माझा हिशोब असा: बॉनेट, टप आणि ड्रायव्हरच्या डोळ्यासमोरचा भाग, इथे एका हाताच्या अंतरावरून कण दिसला की तो पॅनल पुन्हा. दरवाज्याच्या खालच्या पट्टीत, वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही असा एखादा कण असेल तर माफ. हे गिऱ्हाइकाला काम सुरू करायच्या आधी सांगतो. नंतर सांगितलं की ते कारण वाटतं.

आणि खान्देशातली एक खास अडचण, जी पुण्या-मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवणार नाही: कापूस. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या, कापसाच्या गाड्या रस्त्यावरून जायला लागल्या की हवेत तंतू असतो. फिल्मखाली गेलेला कापसाचा तंतू म्हणजे पांढऱ्या गाडीवर न दिसणारा आणि काळ्या गाडीवर मिशीच्या केसासारखा दिसणारा दोष. त्या दिवसांत मी फरशी ओली ठेवतो, पंखा बंद, शटर बंद. पोरांना सुती टॉवेल खांद्यावर टाकून आत यायला मनाई आहे. घाम पुसायचा तर बाहेर जा. पोरं हसतात, पण रीवर्क निम्म्यावर आलं.

पाण्याचंही तसंच. बोअरचं पाणी स्प्रे बाटलीत भरलं तर ते वाळल्यावर फिल्मखाली क्षार राहतो, पांढरट डाग. आरओचं पाणी वापरा. वीस लिटरच्या जारला जेवढे पैसे लागतात त्यासाठी बॉनेट पणाला लावू नका. एक बॉनेट म्हणजे पंधरा मीटरच्या रोलचा जवळजवळ दहावा भाग. रोलची किंमत त्या हिशोबाने भागा, मग कळेल.

बंपरच्या कोपऱ्यावर चंदेरी रेघा किंवा लाटा दिसल्या तर फिल्म जास्त ताणली आहे. गोलाईवर बसवायला थोडी ताणावीच लागते, पण आळशी कारागीर एका बाजूने ओढून ओढून बसवतो. रेघा जात नाहीत, आणि ताणलेली फिल्म परत आखडायला बघते, म्हणून महिनाभरात कडा उचलतात. एखाद्या ठिकाणी सरळ आडवी रेघ दिसली तर तिथे फिल्म चिकटल्यावर पुन्हा उचलली होती असं समजा. चाळीस-बेचाळीस डिग्रीत पाणी लवकर वाळतं, गोंद लगेच पकडतो, आणि कारागीर घाई करतो. उन्हाळ्यात मी फिल्मचं काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवतो.

कडा

मी दुसऱ्याच्या दुकानातली गाडी बघतो तेव्हा बॉनेटच्या मध्यभागाकडे बघतच नाही. मध्यभाग कोणालाही जमतो. मी सरळ कडेकडे जातो.

बॉनेटची पुढची कड, दरवाज्याची कड, डिकीची कड, इथे फिल्म आत वळवता येते. ती वळवली आहे का, की कडेवरच कापून सोडली आहे? जिथे वळवता येत नाही तिथे एक-दोन मिलिमीटर जागा सोडतात. ती जागा डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे का? दोन्ही हेडलाइटभोवती बघा. एका बाजूला एक मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला चार असेल, तर ज्या बाजूला कारागीर दमला ती बाजू तुम्हाला कळली. मग मायक्रोफायबरचं कापड कडेवरून हलकेच फिरवा. कुठे अडकलं तर कड उचललेली आहे. आज अडकली तर पंधरा दिवसांनी आपली काळी माती तिथे बसून काळी रेघ दिसणार, आणि पांढऱ्या गाडीवर ती रेघ दहा फुटांवरून दिसते.

कोपऱ्यावर फिल्म वळवताना बारीक चुण्या उभ्या राहतात, बोटांसारख्या. त्या हीट गनने बसवायच्या असतात. नुसत्या दाबून ठेवल्या तर पहिल्या वॉशिंगला उठतात. सगळे दरवाजे, डिकी, पेट्रोलचं झाकण एकदा उघडून बंद करा. रिव्हर्स सेन्सर वाजतात का बघा, कॅमेऱ्यावर फिल्म आलीय का बघा. हे दोन मिनिटांचं काम, पण मी दोनदा विसरलोय.

जे दिसतच नाही

आता ती फीची गोष्ट.

शिरपूरकडचे एक शेतकरी, पांढरी नवीन एसयूव्ही, पूर्ण गाडीची फिल्म. माझ्या दुकानातली ती तिसरीच पूर्ण गाडी. तेव्हा माझ्याकडे प्लॉटर नव्हता, फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापायचो. काम छान झालं. टॉर्च मारली, ऊन दाखवलं, फोटो टाकले, त्यांनी पेढे आणले.

सव्वा वर्षाने गाडी परत आली. कुणीतरी पुढचं फेंडर ठोकलं होतं. डेंटिंगला पाठवायच्या आधी तिथली फिल्म काढायची म्हणून मी स्वतः बसलो. फिल्म निघाली आणि हेडलाइटच्या कडेने चार बोटं लांबीची एक रेघ दिसली. तांबूस. ब्लेड रंगातून थेट पत्र्यापर्यंत गेलं होतं आणि एका पावसाळ्याने आपलं काम केलं होतं. फिल्मची कड बरोबर त्या कापावर बसलेली, म्हणून वरून काहीच दिसलं नव्हतं.

ते मागे चहा घेऊन उभे होते. म्हणाले, "भाऊ, हाई काय शे?"

खरं सांगतो, उत्तर तोंडात तयार होतं. "ठोकल्यामुळे झालंय." फेंडर रंगवायचंच होतं, त्यांना कळलंही नसतं. पण उजवीकडे हे असेल तर डावीकडेही असणार, हे माझ्या डोक्यात आलं, आणि डावं फेंडर तर कोणी ठोकलं नव्हतं. मी सांगितलं की हे माझ्या पोराच्या ब्लेडचं आहे. त्यांच्यासमोर डाव्या बाजूची फिल्म काढली. तिथे रेघ होती, उथळ, गंज नव्हता. दोन्ही फेंडर माझ्या खर्चाने रंगवले, महिनाभर थांबून नवी फिल्म लावली. त्या गाडीत मला सुटले होते अठरा हजार, गेले तेवीस. ते तेव्हा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. त्या महिन्यात मला झोप बरी नव्हती, कारण आधीच्या दोन गाड्याही त्याच पोराने कापल्या होत्या. दोघांनाही फोन करून बोलावलं. एकाची ठीक निघाली. दुसऱ्याचं बघून झालं, एका ठिकाणी हलकी रेघ होती, तीही करून दिली.

संध्याकाळी पोराला विचारलं. त्याला माहीत होतं! कापतानाच हाताला कळलं होतं. "मग सांगितलं का नाही?" तर म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी सकाळी स्प्रेची बाटली फुटली म्हणून तुम्ही केवढे ओरडले होते."

साठ रुपयांच्या बाटलीवरून.

तेव्हापासून दुकानात नियम आहे: ब्लेड लागलं तर त्याच दिवशी सांगायचं. सांगितलं तर पगारातून एक रुपया कापणार नाही, टचअप आणि खर्च माझा. लपवलं आणि नंतर सापडलं तर मात्र नोकरी. पहिल्या सहा महिन्यांत तीन वेळा पोरांनी येऊन सांगितलं. तिन्ही वेळा गिऱ्हाइकाला फोन केला, तिन्ही वेळा त्यांनी ऐकून घेतलं. त्याआधी कोणी येऊन सांगितलं नव्हतं, याचा अर्थ त्याआधी चुका होत नव्हत्या असा नाही, हे तुम्हाला कळलंच असेल.

कारागीर पारखायचा असेल तर

धुळ्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. झालेली गाडी बघून ब्लेडचा घाव दिसत नाही. तो दिसतो फक्त फिल्म काढल्यावर, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीची फिल्म तू काढणार नाहीस. म्हणून भंगारातून रंग शाबूत असलेलं एक फेंडर आण, एक आरशाचं कव्हर आण. कारागिराला सांग, यावर लाव. आरशाचं कव्हर दोन्ही बाजूंनी गोल असतं, तिथे ताण आणि चुण्या कळतात. फेंडरवर त्याला गाडीवर कापतो तसंच कापू दे. झालं की त्याच्यासमोर फिल्म ओढून काढ आणि रंगावर आडवी टॉर्च मार. फिल्मचा तुकडा वाया जातो तेवढाच खर्च.

काम करताना त्याच्या ब्लेडकडेही बघ. चांगला माणूस ब्लेडचं टोक सारखं मोडून नवं काढतो. बोथट ब्लेडला जोर द्यावा लागतो, आणि जोर रंगात जातो. एका ब्लेडवर अख्खी गाडी करतो असं जो फुशारकीने सांगतो त्याला चहा पाजून निरोप दे. ज्याच्याकडे प्लॉटरवर कापलेली फिल्म येते किंवा जो कापायच्या जागी दोरा असलेली टेप लावून फिल्म कापतो, त्याला दोन पैसे जास्त दे.

रोलबद्दल थोडंसं. टीपीयूच्या नावाखाली पीव्हीसी किंवा टीपीएच खपवणारे आहेत. पट्टी कापून ताण, टीपीयू परत जागेवर येते, पीव्हीसी कडक लागते. पितळी ब्रशने ओरखडे मारून गरम पाणी ओत, ते भरतात का बघ. एवढं करूनही शंभर टक्के खात्री होत नाही, म्हणून खोक्यावरचा रोल नंबर, कंपनीचं बिल आणि वॉरंटीची नोंद हे गिऱ्हाइकाच्या हातात दे. जळगावच्या सराफ्यात आता माणूस दागिना घेताना सहा अक्षरांचा हॉलमार्कचा नंबर तपासतो ना, तीच सवय. वॉरंटी कार्ड मात्र स्वतः वाच. पिवळेपणा, तडे यांची जबाबदारी कंपनी घेते. कड उचलली, धूळ राहिली, ब्लेड लागलं, हे बहुतेक वेळा तुझ्याच गळ्यात असतं.

शेवटचं, पैशांचं. बाहेरच्या कारागिराला सगळी मजुरी गाडी सुटायच्या दिवशी देऊ नकोस. मी वीस टक्के मागे ठेवतो. गिऱ्हाइकाला सांगतो, आठवडाभर गाडी धुवू नका, प्रेशरचं पाणी कडेवर जवळून मारू नका, आणि दहाव्या दिवशी या. त्या दिवशी कारागीरही हजर पाहिजे. पाण्याचे फुगे गेलेले असतात, उचलायच्या कडा उचललेल्या असतात. जे निघेल ते तिथेच करून घ्यायचं आणि मग उरलेले वीस टक्के. गाडी द्यायची वेळ सकाळची ठेव. संध्याकाळी सातला, दिव्याखाली दिलेल्या गाडीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येतो.

ते शिरपूरवाले काका गेल्या वर्षी पुतण्याची गाडी घेऊन आले होते. गाडी ठेवताना पोराला जवळ बोलावून म्हणाले, "ब्लेड जपून रे भाऊ." पोरगा अजून माझ्याकडेच आहे, आता हेड कारागीर आहे. ती गाडी त्याने प्लॉटरवरच कापली.

तुमच्या दुकानात फिल्मचं काम होत असेल तर कडेचा एक फोटो आडव्या टॉर्चखाली काढून कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले चार-पाच घेऊन बोलू.